ध्वनिमुद्रणाला पानें कशीं घालावीं ?

घरांतील कपाटांतून एखादा जाडजूड ग्रंथ काढून त्यांतील हवें तें प्रकरण उघडावयास आपणांस कितीसा वेळ लागतो? फार तर अर्धें मिनिट. अनुक्रमणिका पाहिली, पृष्ठांक ध्यानांत धरला, अंगठ्यानें पानें सरकविलीं, आणि चारदोन पानें मागेंपुढें करतां करतां जागा सांपडली. आतां तोच ग्रंथ कोणी वाचून दाखविला आहे व त्याचें बारा तासांचें ध्वनिमुद्रण आपल्या हातीं आहे, अशी कल्पना करा. त्यांतील सातव्या प्रकरणाचा तिसरा परिच्छेद काढून द्या, असें कोणी म्हटल्यास आपण काय कराल? अंदाजानें मध्येंच कोठें तरी यंत्र लावाल, चार वाक्यें ऐकाल, ‘हें तर पुढचें दिसतें’ म्हणून मागें जाल, पुन्हां ऐकाल, पुन्हां पुढें याल. पांचदहा मिनिटें अशीं गेलीं, म्हणजे बहुतेक माणसें नाद सोडून देतात.

श्रोतेहो, या अडचणीचें मूळ यंत्राच्या दोषांत नसून बोलण्याच्या स्वभावांत आहे. लिहिलेला मजकूर जागेंत पसरलेला असतो, बोललेला मजकूर काळांत पसरलेला असतो. डोळा पानावरून क्षणांत उडी मारतो. मथळा, ठळक अक्षर, परिच्छेदाचा आरंभ त्याला लांबूनच दिसतो. कानाला अशी लांबची दृष्टि नाहीं. बोलणारा ज्या वेगानें नेईल त्या वेगानें आणि ज्या क्रमानें नेईल त्या क्रमानें त्याला जावें लागतें. नभोवाणीवरील भाषणें छापणारीं मासिकें निघालीं तीं याच भेदामुळें. ऐकतांना निसटलेलें वाक्य छापील पानावर पुन्हां गांठतां येतें.

हा प्रश्न नुसत्या सोयीचा असता, तर त्यावर एवढा वेळ घालविण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्यांना डोळ्यांनीं वाचतां येत नाहीं, त्यांच्या दृष्टीनें ध्वनिमुद्रण हेंच पुस्तक असतें. परीक्षेच्या आदल्या दिवशीं डोळस विद्यार्थी वीस ठिकाणीं खुणा केलेलें पुस्तक एका तासांत चाळून काढतो. त्याच्या शेजारच्या अंध विद्यार्थ्याला तीच वीस ठिकाणें ध्वनिमुद्रणांत गांठतां आलीं नाहींत, तर त्याला पुस्तक मिळालें असें म्हणणें ही शुद्ध फसवणूक होय. जुन्या गवयांच्या मैफली, वृद्ध माणसांच्या आठवणी, विद्यापीठांतील व्याख्यानें, न्यायालयांतील युक्तिवाद यांचीं हजारों तासांचीं मुद्रणें आज जमा झालीं आहेत व रोज होत आहेत. ज्यांतील हवी ती गोष्ट सांपडत नाहीं तें मुद्रण आणि जें नष्ट झालें तें मुद्रण, यांत व्यवहारांत फारसें अंतर उरत नाहीं.

ही अडचण आरंभीं नव्हती. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला, आणि एमिल बर्लिनरनें १८८७ सालीं तबकडीच्या ग्रामोफोनचें पेटंट घेतलें. पुढें जी दहा इंची तबकडी घरोघर पोंचली, तिच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावत असे. तीन मिनिटांत वाट चुकण्याचा संभव नाहीं. प्रश्न होता तो तबकडी कोणाची हें ओळखण्याचा. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्गनें कलकत्त्यास गौहरजानचीं गाणीं मुद्रित केलीं. त्यांच्या अखेरीस ती इंग्रजींत आपलें नांव सांगते. मुद्रणें जर्मनींत हॅनोव्हर येथें जाऊन तबकड्या तेथें निघत, आणि तेथील कामगारांना गाणारी कोण हें कळावें म्हणून हा प्रघात पडला, असें सांगतात. नादाच्या पोटांतच नादाची ओळख ठेवण्याचा हा एक जुना प्रकार होय.

१९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी विकावयास काढली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक मजकूर मावूं लागला आणि वाट शोधण्याचा प्रश्न उभा राहिला. पण त्याचें उत्तर तबकडीवरच होतें. दोन गाण्यांच्या मध्यें खांचा विरळ होऊन एक गुळगुळीत कडें दिसे. त्या कड्यावर सुई अलगद टेकविली कीं तिसरें गाणें सुरू होई. कानाच्या वस्तूवर डोळ्यासाठीं खूण उमटली होती. हें साधें गुळगुळीत कडें आपण लक्षांत ठेवूं. कारण पुढच्या यंत्रांनीं जें गमावलें तें हेंच.

त्यानंतर फितीचें युग आलें. फिलिप्स कंपनीची कॅसेट १९६३ सालीं निघाली आणि वीस वर्षांत ती आपल्याकडेहि घरोघर झाली. फितीवर डोळ्याला कांहींच दिसत नाहीं. सगळी फीत सारखीच तपकिरी. म्हणून यंत्रांवर तीन आंकड्यांचा एक गणक बसवीत. पुष्कळांची अशी समजूत असे कीं हा गणक सेकंद मोजतो. वास्तविक तो मोजीत असे फिरकीचे फेरे. आरंभीं फीत गुंडाळणारी फिरकी जवळजवळ रिकामी असते, तेव्हां एका फेऱ्यांत थोडी फीत जाते; शेवटीं ती भरून जाड होते, तेव्हां एका फेऱ्यांत पुष्कळ फीत जाते. त्यामुळें ० पासून १०० पर्यंतचा काळ आणि ४०० पासून ५०० पर्यंतचा काळ सारखा नसे, आणि एका यंत्रावर टिपून ठेवलेला आंकडा दुसऱ्या यंत्रावर उपयोगी पडेलच असेंहि नसे. तरीसुद्धां कॅसेटच्या कागदावर ‘२१५ – तराणा’ असें पेन्सिलीनें लिहून ठेवणारीं माणसें पुष्कळ होतीं. हाताखालीं चांगलें साधन नसलें तरी माणूस खूण करून ठेवतोच, एवढें यावरून दिसतें.

१९८२ सालीं आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कनें गमावलेलें कडें परत आणलें. तिच्यावर ९९ पर्यंत भाग क्रमांकानें पाडतां येतात, आणि सेकंदाच्या ७५ व्या हिश्शापर्यंत जागेचा पत्ता लिहिलेला असतो. कळ दाबली कीं पुढचा भाग. परंतु भाग कोठें पाडावयाचे हें तबकडी काढणाऱ्याच्या हातीं होतें. एखाद्या मैफलीच्या तबकडीवर एका रागाचा सबंध पाऊण तास एकच भाग म्हणून येई; त्यांत द्रुत ख्याल कोठें सुरू होतो तें शोधणें पुन्हां अंदाजाचेंच काम.

आतां आपण आजच्या काळांत येऊं. आज ध्वनिमुद्रण म्हणजे फोनमधील एक फाइल. तिला जडपणा नाहीं, लांबीला मर्यादा नाहीं. तीन तासांची मुलाखत, बारा तासांचें श्राव्य पुस्तक, सहा तासांची सभा हें सर्व सर्रास आढळतें. आणि या सर्वांत फिरण्यासाठीं साधन कोणतें, तर पडद्याच्या खालच्या बाजूस असलेली एक आडवी पट्टी व तिच्यावर सरकणारा एक ठिपका. दोन मिनिटांचें गाणें असो कीं बारा तासांचें पुस्तक असो, पट्टी तेवढीच !

याचा हिशेब करून पाहूं. फोनच्या पडद्यावर ही पट्टी साधारणतः सहा सेंटिमीटर, म्हणजे ६० मिलिमीटर लांब भरते असें धरा. तीन तासांचे सेकंद होतात १०,८००. म्हणजे एका मिलिमीटरला १८० सेकंद, पुरीं तीन मिनिटें. बारा तासांच्या पुस्तकांत हेंच प्रमाण मिलिमीटरला बारा मिनिटें होतें. बोटाचें टोंक सुमारें एक सेंटिमीटर रुंद असतें. तें पट्टीवर टेकलें कीं त्याच्याखालीं दोन तास झांकले जातात. अशा पट्टीवर नेमकें एखादें वाक्य गांठूं म्हणणें म्हणजे जगाच्या नकाशावर काठी टेकून आपल्या वाड्याचें दार दाखविण्यासारखें आहे.

लक्ष्य जितकें लहान आणि जितकें दूर तितका तें गांठावयास अधिक वेळ लागतो, हा नियम पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं गणितांत मांडून दाखविला. बोटानें सरकवावयाच्या पट्टीलाहि हाच नियम लागू आहे. लक्ष्य केंसाएवढें असेल तर हात कितीहि सराईत असो, तो आधीं पुढें जाणार, मग मागें येणार. तेव्हां सुधारणा करावयाची ती हाताच्या सरावांत नव्हे, तर पट्टीच्या मापांत.

ती तीन प्रकारांनीं करतां येते. पहिला प्रकार असा कीं बोट पट्टीपासून वर किंवा खालीं जितकें दूर न्यावें, तितका ठिपका मंद सरकावा. पट्टीजवळ बोट असतांना एका मिलिमीटरला तीन मिनिटें, तर चार बोटें दूर नेल्यावर एका मिलिमीटरला पांच सेकंद. कांहीं फोनांवर ही सोय बऱ्याच वर्षांपासून आहे. पण ती कोठें लिहिलेली नसल्यामुळें ज्यांच्यासाठीं केली त्यांना तिचा पत्ता नसतो. दुसरा प्रकार दोन पट्ट्यांचा. एक सबंध ग्रंथाची, दुसरी चालू प्रकरणाची. पहिलीवर जिल्हा निवडावा, दुसरीवर गांव. तिसरा प्रकार तबकडीच्या गुळगुळीत कड्यासारखा: पट्टीवरच प्रकरणांच्या खुणा दाखवाव्या, आणि ठिपका खुणेच्या जवळ येतांच त्यानें आपण होऊन तिच्यावर स्थिर व्हावें.

याबरोबर आणखी एक लहानशी गोष्ट हवी आहे, व ती लहान असली तरी माझ्या मतें सर्वांत मोलाची आहे. ती म्हणजे ‘होतों तेथें परत’ ही कळ. बारा तासांचें पुस्तक ऐकतां ऐकतां सातव्या तासाला आलेला माणूस फोन खिशांत ठेवतो; अंगठा चुकून पट्टीला लागतो आणि तो तिसऱ्या तासाला जाऊन पडतो. छापील पुस्तकांतून खूण गळून पडली तर निदान पानें ओळखीचीं वाटतात. येथें मात्र आपण नेमके कोठें होतों हें कोणास ठाऊक? लिहिण्याच्या सर्व यंत्रांत चुकीची क्रिया मागें घेण्याची सोय असते. ऐकण्याच्या यंत्रांत ती क्वचितच आढळते. प्रत्येक उडीपूर्वींची जागा यंत्रानें मनांत ठेवावी आणि एका कळीनें तेथें परत पोंचवावें, एवढेंच मागणें आहे.

लहान उड्यांसाठीं बहुतेक यंत्रांवर दोन कळा असतात: एक १० किंवा १५ सेकंद मागें नेणारी आणि एक तितकी किंवा ३० सेकंद पुढें नेणारी. या दोन आंकड्यांत पुष्कळदां फरक कां असतो? मागें जाण्याचें कारण बहुधा एकच असतें: दाराची घंटा वाजली, वाक्य निसटलें, तें वाक्य दहापंधरा सेकंदांच्या आंतलेंच असतें. पुढें जाण्याचें कारण मात्र कंटाळा किंवा जाहिरात. ती अर्ध्या मिनिटाच्या मापानें येते. म्हणजे हीं मापें माणसाच्या वागणुकीवरून घेतलेलीं आहेत, आणि तशींच तीं घ्यावयास हवीं. याच न्यायानें, एखादा श्रोता आठवड्यानें ऐकावयास बसला तर यंत्रानें त्याला अर्धें मिनिट मागें नेऊन सुरुवात करावी. दोन मिनिटांनीं परत आला तर दोनचार सेकंदच. कथेकरीबोवाहि मध्यंतरानंतर मागचा धागा सांगूनच पुढें जातात.

येथें कोणी विचारील: कळ दाबली तरी यंत्र नेमक्या जागीं पडतेंच असें नाहीं, तें कां? याचें कारण फाइलीच्या रचनेंत आहे. एमपी३ पद्धतीच्या कांहीं फाइलींत सोप्या आवाजाला थोडी जागा व गुंतागुंतीच्या आवाजाला अधिक जागा दिलेली असते. त्यामुळें फाइलीचा अर्धा भाग म्हणजे अर्धा वेळ, हा हिशेब तेथें चालत नाहीं. म्हणून फाइलीच्या आरंभीं एक कोष्टक देण्याची चाल पडली. पण त्या कोष्टकांत घरें फक्त १००. तीन मिनिटांच्या गाण्यांत एक घर सुमारें दोन सेकंदांचें. तें पुरें आहे. तीन तासांच्या मुद्रणांत एक घर १०८ सेकंदांचें होतें, आणि मधल्या जागा यंत्राला अंदाजानें भरून काढाव्या लागतात. मग पडद्यावर दिसणारी वेळ व कानीं पडणारा मजकूर यांत फरक पडतो. गाण्यासाठीं घातलेलें माप व्याख्यानाला अपुरें पडलें, एवढाच याचा अर्थ. चलत्‌चित्रांतहि असेंच आहे. त्यांत संपूर्ण चित्र कांहीं कांहीं सेकंदांनीं एकदांच साठवितात. मधल्या चित्रांत फक्त झालेला बदल नोंदलेला असतो. उडी मारल्यावर यंत्र जवळच्या संपूर्ण चित्रावर जाऊन पडलें, तर त्याला तें सोपें जातें. नेमकी जागा हवी असेल तर तेथून पुढचे सर्व बदल त्याला मनांतल्या मनांत करून घ्यावे लागतात. लांब मुद्रणें प्रसिद्ध करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवून फाइल तयार केली, तर ऐकणाऱ्याचा निम्मा त्रास वांचेल.

आतां वेगाकडे वळूं. डोळ्यानें चाळणें आणि कानानें चाळणें यांत साम्य आणावयाचें असेल, तर जलद ऐकतां आलें पाहिजे. फीत नुसती जलद फिरविली तर आवाज चढतो. दुप्पट वेगानें तो बरोबर एक सप्तक वर जातो आणि भारदस्त वक्ताहि चिमणीसारखा चिवचिवतो. यावर इलिनॉय विद्यापीठांतील ग्रँट फेअरबँक्स आणि त्याचे सहकारी यांनीं १९५४ सालीं एक युक्ति प्रसिद्ध केली. बोलण्यांतील एकेक स्वर सेकंदाच्या कांहीं शतांशांपर्यंत टिकतो. त्याच्यांतून अगदीं बारीक तुकडे मध्यें मध्यें कापून उरलेले तुकडे जोडले, तर स्वर तोच राहतो, पट्टी तीच राहते, वेळ मात्र कमी होतो. तें काम त्यांनीं फिरत्या मुद्रणशीर्षाच्या यंत्रानें केलें. पुढें तुकड्यांचे सांधे ऐकूं येऊं नयेत म्हणून ते एकमेकांवर थोडे चढवून, नादलहरी जेथें जुळतील तेथेंच जोडण्याच्या रीति १९८५ व १९९३ सालीं निघाल्या. आज आपल्या फोनवर ‘दीडपट’ ही कळ दाबतांच जें घडतें त्याचें मूळ येथें आहे.

दीडपट वेग बहुतेकांस थोड्या सवयीनें साधतो; दुप्पट वेगाला लक्ष द्यावें लागतें; आणि ज्यांचें सर्व वाचन कानांनींच चालतें असे अंध वाचक त्याहूनहि अधिक वेगानें सहज ऐकतात. परंतु वेगाची कळ ही दुधारी आहे. वक्त्याचा विराम हाहि अर्थाचा भाग असतो. शोकसभेंतील भाषण दुप्पट वेगानें ऐकणें म्हणजे तें न ऐकणेंच. संगीताच्या बाबतींत तर वेग वाढविण्यापेक्षां कमी करण्याची सोय अधिक उपयोगी. एखादी अवघड तान अर्ध्या वेगानें, पण त्याच सुरांत, ऐकतां आली आणि ‘येथपासून येथपर्यंत पुन्हां पुन्हां’ अशी दोन खुणांमधली आवृत्ति करतां आली, तर शिकणाऱ्याला घरबसल्या मोठा लाभ होतो.

१९९३ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील बॅरी आरन्स यानें ‘स्पीचस्किमर’ नांवाचें एक लहानसें यंत्र मांडलें. त्यांत वेगाबरोबर ‘किती वरवर ऐकावें’ हेंहि निवडतां येई. पहिल्या पायरीवर सर्व बोलणें. दुसऱ्या पायरीवर विराम आंखडलेले. तिसऱ्या पायरीवर फक्त मोठ्या विरामांनंतरचीं वाक्यें, कारण माणूस नवा मुद्दा सुरू करण्यापूर्वीं बहुधा थांबतो. चाळणें म्हणजे नुसतें धांवणें नव्हे, तर निवडक ठिकाणीं थांबत जाणें, हें तत्त्व या यंत्रानें मांडलें. तें आजहि पुरतें अंमलांत आलेलें नाहीं.

येथपर्यंत आपण पाहिलीं तीं साधनें काळाच्या मापाचीं होतीं: इतके सेकंद मागें, इतके पुढें, इतक्या पटीनें जलद. परंतु ग्रंथ वाचतांना आपण ‘पुढचे चाळीस सेकंद’ असें कधीं म्हणतों काय? आपण म्हणतों पुढचें प्रकरण, पुढचा परिच्छेद, अठरावा अध्याय. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या सुमारें नऊ हजार ओव्या अध्यायानें व क्रमांकानें उद्धृत करतां येतात. म्हणूनच दोन माणसें दोन वेगळ्या प्रतींतून एकाच ओवीवर बोट ठेवूं शकतात. ध्वनिमुद्रणालाहि असे अध्याय आणि असे क्रमांक हवेत.

हें काम सर्वांत आधीं आणि सर्वांत चांगलें केलें तें अंध वाचकांसाठीं झटणाऱ्या ग्रंथालयांनीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. स्वीडनमधील बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयानें १९८८ च्या सुमारास या दिशेनें प्रयत्न सुरू केले, आणि १९९६ सालीं निरनिराळ्या देशांच्या ग्रंथालयांनीं मिळून ‘डेझी’ नांवाचा संघ स्थापिला. डेझी पद्धतीच्या पुस्तकांत ध्वनीबरोबर त्याचा आराखडाहि असतो: भाग, प्रकरण, उपप्रकरण, पृष्ठ, वाक्यखंड. ‘व्हिक्टर रीडर स्ट्रीम’ या वाचनयंत्रावर दूरध्वनीप्रमाणें आंकड्यांच्या कळा असतात. त्यांतील २ आणि ८ या कळांनीं आपण कोणत्या मापानें चालणार तें निवडावयाचें. ४ आणि ६ या कळांनीं त्या मापानें मागें किंवा पुढें जावयाचें. ‘प्रकरण’ हें माप निवडलें तर एका दाबानें पुढचें प्रकरण. ‘पृष्ठ’ निवडलें तर पुढचें पृष्ठ. चार कळा, आणि सबंध ग्रंथ मोकळा. वर्गांत गुरुजी ‘पान ११२ काढा’ म्हणाले, तर अंध विद्यार्थीहि तें पान काढूं शकतो. आपल्या देशांत २०१६ सालीं सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ग्रंथालयामागें या चळवळीचेंच बळ आहे.

आधीं माप निवडा, मग पाऊल टाका, ही डेझीची रीत डोळस श्रोत्यांच्या यंत्रांतहि आली पाहिजे, असें मला वाटतें. आतां चलत्‌चित्रांत प्रकरणें दाखविण्याची चाल रूढ होत आहे. यूट्यूबवर २०२० पासून ही सोय आहे: चित्राच्या वर्णनांत ०:०० पासून आरंभ करून निदान तीन वेळा व त्यांपुढें मथळे लिहिले, आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा ठेवला, कीं पट्टी आपोआप त्या ठिकाणीं तुटक दिसूं लागते. दोन तासांच्या व्याख्यानाला पंधरा मथळे लिहिणें हें वीस मिनिटांचें काम आहे. वक्ता किंवा संयोजक तें एकदां करील, तर हजार श्रोत्यांचे प्रत्येकीं वीस मिनिट वांचतील.

मथळ्यांच्या पुढची पायरी म्हणजे सबंध लेखी प्रत. २०२२ सालीं ओपनएआय या संस्थेनें ६,८०,००० तासांच्या बोलण्यावर घडविलेला ‘व्हिस्पर’ हा बोलणें उतरवून घेणारा कार्यक्रम सर्वांस खुला केला. २०२४ सालीं अ‍ॅपलच्या पॉडकास्ट या साधनांत बोलण्याबरोबर सरकणारी लेखी प्रत दिसूं लागली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें घटनापीठापुढील सुनावण्यांचें थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ पासून सुरू केलें, आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें युक्तिवाद यंत्राकडून उतरवून घेण्याचा प्रयोग केला. लेखी प्रतींतील शब्दावर बोट ठेवावें आणि आवाज तेथून सुरू व्हावा, हें झालें म्हणजे डोळ्याची उडी आणि कानाची गोडी या दोन्ही एके ठिकाणीं येतात.

मराठीच्या बाबतींत यंत्राच्या प्रतींत चुका अधिक होतात. बोलीभाषा, विशेषनामें, जुने शब्द यांशीं यंत्राची तितकीशी ओळख नसते. पण येथें एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. छापण्यासाठीं प्रत हवी असेल, तर दर दहा शब्दांत एक चूक ही असह्य होय. जागा शोधण्यासाठीं प्रत हवी असेल, तर तीच प्रत पुष्कळ कामाची असते; कारण उरलेल्या नऊ शब्दांवरून जागा सांपडते, आणि पुढचें काम कान करतो. म्हणून चुकांच्या भयानें लेखी प्रत दाबून ठेवूं नये. ती ‘शोधासाठीं’ असें स्पष्ट लिहून द्यावी.

जेथें सबंध प्रत शक्य नाहीं, तेथें सूचीनेंहि काम भागतें. केंटकी विद्यापीठांतील मौखिक इतिहासाच्या केंद्रानें २००८ सालीं एक पद्धति काढली. त्यांत मुलाखतीच्या प्रत्येक टप्प्याची वेळ, एक मथळा आणि चार ओळींचा सारांश एवढेंच नोंदवितात. सूचींतील मथळा दाबला कीं आवाज तेथून सुरू होतो. आपल्याकडील उदाहरण याहून जिव्हाळ्याचें आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं पुण्यास राहून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील शंभराहून अधिक तासांचें गाणें मुद्रित झालें, आणि बर्नार्ड बेल या संगीतशास्त्रज्ञानें मजकूर व आवाज यांची सांगड घालणारी सूची उभी केली. आतां ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेनें या ओव्या गाणारणीचें नांव, गांव, विषय आणि शब्द यांसह ऐकण्यासाठीं खुल्या केल्या आहेत. एखाद्या आजीनें पहांटे दळतां दळतां आपल्या भावावर गाइलेल्या दोन ओळी शंभर तासांच्या ढिगांत कोणास कशा सांपडल्या असत्या? सूची आहे म्हणून ती आजी आज बोलती आहे.

तेव्हां लांब मुद्रणाच्या यंत्राकडून काय मागावें, हें थोडक्यांत असें सांगतां येईल. मुद्रण लांब असेल तर पट्टीचें माप बदलतां यावें. चुकून उडी पडली तर परत येतां यावें. मागेंपुढें जाण्याचें माप श्रोत्याला निवडतां यावें, आणि तें सेकंदांतच नव्हे तर प्रकरण, परिच्छेद व वाक्य यांतहि असावें. वेग बदलला तरी आवाजाची पट्टी बदलूं नये. आपण ठेवलेल्या खुणा आपल्याजवळ राहाव्या व दुसऱ्यास देतां याव्या. आणि हें सर्व डोळे मिटूनहि, नुसत्या बोटांनीं करतां यावें. यांतील एकहि गोष्ट आज अशक्य नाहीं. बहुतेक सर्व कोठें ना कोठें अस्तित्वांत आहेत. एका ठिकाणीं मात्र क्वचितच आढळतात.

परंतु सगळा भार यंत्रें करणाऱ्यांवर टाकून चालणार नाहीं. अनुक्रमणिका हें छापखान्याचें काम नसून ग्रंथकर्त्याचें काम आहे, तसेंच हें आहे. पुष्कळ घरांत आतां आजोबांच्या किंवा आजीच्या आठवणी फोनवर मुद्रित करून ठेवतात. दोन तास बोलणें होतें, फाइलीला एक आंकड्यांचें निरर्थक नांव पडतें, आणि ती कोणीहि पुन्हां उघडीत नाहीं. उघडली तरी हवी ती आठवण सांपडेपर्यंत धीर टिकत नाहीं. अशा वेळीं मुद्रणाच्या आरंभीं तारीख, गांव आणि बोलणाराचें नांव स्पष्ट उच्चारावें. गौहरजानची रीत अजूनहि जुनी झालेली नाहीं. मग त्याच दिवशीं, ऐकलेलें ताजें असतांना, एका कागदावर दहाबारा ओळी लिहाव्या: ‘१२ मिनिटें – कोंकणांतील घर, २७ मिनिटें – प्लेगची सांथ, ४१ मिनिटें – पहिली नोकरी’. तो कागद फाइलीबरोबर ठेवावा. पुढें यंत्रें बदलतील, फाइलींचे प्रकार बदलतील. पण ज्याला ४१ मिनिटांपाशीं काय आहे हें ठाऊक आहे, त्याला कोणत्याहि यंत्रावर तें सांपडेल. आवाज जपून ठेवण्याचें काम यंत्रानें केलें आहे. त्या आवाजापर्यंत पुढच्या पिढीला पोंचविण्याचें काम त्या दहा ओळी करतील, आणि त्या आपल्यावांचून दुसरें कोणी लिहूं शकणार नाहीं.